अर्धांगवायूनंतरचे पाश्चर

येत्या २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन आहे. लुई पाश्चर यांचा हा स्मृतिदिन. त्यानंतर महिन्याभराने, २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन येतो. हे दोन्ही दिवस ज्यांच्या आयुष्यात एकत्र आले, असे पाश्चर होते.

आमच्या सरकारी रुग्णालयात तळमजल्यावर कुत्रा चावलेल्यांची इंजेक्शनसाठी रांग असते. वरच्या मजल्यावर मेडिसिनचा वॉर्ड आहे. तिथे अंगावरून वारे गेलेले, म्हणजे अर्धांगवायूचे तीन-चार रुग्ण कायम असतात. खालच्या रांगेत दिली जाणारी लस ज्यांनी प्रथम तयार केली, ते स्वतः वरच्या वॉर्डातल्यासारखे रुग्ण होते. वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. शाळेत आपण पाश्चर यांच्याबद्दल शिकलो ते दूध टिकवण्याची पद्धत आणि रेबीजची लस एवढेच. या आजाराचा उल्लेख पाठ्यपुस्तकात क्वचितच असतो. मेंदूला इजा झालेला माणूस घरात असलेल्यांनी तर त्यांच्या चरित्राचा हा भाग जरूर जाणून घ्यावा.

आजारापूर्वीची वर्षे

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यातून परतलेले सार्जंट होते आणि कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. लुई यांचे बालपण आर्ब्वा या गावी गेले. लहानपणी ते उत्तम चित्रे काढीत. पुढे रसायनशास्त्राकडे वळले आणि १८४८ मध्ये, पंचविशीतच, टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांवरील संशोधनाने त्यांचे नाव झाले. १८४९ मध्ये मारी लॉरां यांच्याशी विवाह झाला. मारी त्यांची लेखनिक आणि सहायकही झाल्या. आंबण्याची क्रिया सूक्ष्मजीवांमुळे होते, हे पाश्चर यांनी दाखवले. सूक्ष्मजीव आपोआप निर्माण होतात हा जुना समज प्रयोगांनी मोडून काढला. वाइन खराब होऊ नये म्हणून ती ठरावीक तापमानापर्यंत गरम करण्याची पद्धत शोधली. तीच पद्धत पुढे दुधासाठी वापरली गेली आणि तिला त्यांचे नाव मिळाले.

घरात मात्र दुःखाची रांग लागली होती. पाच अपत्यांपैकी थोरली मुलगी १८५९ मध्ये विषमज्वराने गेली. १८६५ मध्ये वडील वारले, त्याच वर्षी दोन वर्षांची धाकटी मुलगी गेली आणि पुढच्या वर्षी बारा वर्षांची तिसरी मुलगीही विषमज्वराने दगावली. याच काळात दक्षिण फ्रान्समधील रेशीम उत्पादक हवालदिल झाले होते. रेशीम किड्यांवर रोग पडून हा सगळा उद्योग बसत चालला होता. पाश्चर यांचे गुरू द्युमा यांच्या आग्रहावरून १८६५ मध्ये ते आलेस भागात गेले. तोवर त्यांनी रेशीम किडा कधी हाताळलाही नव्हता. पुढची वर्षे दर हंगामात तिकडचे काम, उरलेल्या वेळात पॅरिसमधील अध्यापन आणि संशोधन, अशी अखंड धावपळ सुरू होती.

१९ ऑक्टोबर १८६८

त्या दिवशी सोमवार होता. विज्ञान अकादमीच्या सभेत त्यांना एक निबंध वाचायचा होता. सकाळीच डाव्या अंगात विचित्र मुंग्या येऊ लागल्या. दुपारी जेवणानंतर हुडहुडी भरली आणि त्यांना पडून राहावे लागले. तरीही ते सभेला निघाले. पत्नी काळजीने अकादमीपर्यंत सोबत गेल्या आणि परतताना त्यांना घरी आणून सोडावे, अशी विनंती त्यांनी पाश्चर यांचे जुने शिक्षक बालार यांना केली. निबंध नेहमीच्या आवाजात वाचून झाला. घरी येऊन थोडेसे खाऊन पाश्चर लवकर झोपायला गेले. अंथरुणावर पडताच त्रास पुन्हा सुरू झाला. बोलायला गेले तर शब्द फुटेना. काही क्षणांनी वाणी परत आली आणि त्यांनी हाक मारली. पुढच्या चोवीस तासांत मात्र डावा हात आणि पाय हळूहळू पूर्ण निकामी झाले.

आपल्या मेंदूचा उजवा भाग शरीराच्या डाव्या बाजूचे नियंत्रण करतो. म्हणजे इजा उजव्या मेंदूत होती. बहुतेक माणसांत भाषेचे केंद्र डाव्या मेंदूत असते. त्यामुळे पाश्चर यांचे बोलणे आणि विचारशक्ती वाचली. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती की फुटली होती, हे त्या काळी कळण्याचा मार्ग नव्हता. डॉक्टरांनी कानामागे जळवा लावल्या. तेव्हाचा उपचार तोच होता.

आज परिस्थिती वेगळी आहे. सीटी स्कॅन करून काही मिनिटांत निदान होते. गुठळी असेल आणि रुग्ण योग्य असेल, तर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. काही निवडक रुग्णांत त्यानंतरही तारेच्या साहाय्याने गुठळी काढता येते. म्हणून पाश्चर यांच्या त्या दिवसातून आपण पहिला धडा घ्यायचा तो उलटा आहे. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, एका अंगाला अचानक बधिरपणा आला, बोलणे अडखळले, तर सभा, शेत, दुकान, लग्न सगळे सोडून तत्काळ १०८ ला फोन करावा. त्रास दहा मिनिटांत आपोआप थांबला तरीही जावे. तो इशारा असू शकतो आणि खरा झटका त्याच रात्री येऊ शकतो.

खिडकीबाहेर शांतता

पाश्चर पॅरिसमधील एकोल नॉर्माल या संस्थेच्या आवारात राहत. कित्येक वर्षे त्यांनी माळ्यावरच्या अडचणीच्या जागेत प्रयोग केले होते. अखेर सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने त्यांच्यासाठी नवी प्रयोगशाळा मंजूर केली आणि आवारातल्या बागेत काम सुरूही झाले होते. तेवढ्यात हा आजार आला.

अंथरुणावरून पाश्चर रोज विचारीत, काम कुठवर आले? पत्नी आणि मुलगी खिडकीशी जाऊन बघत आणि काहीतरी गुळमुळीत उत्तर देत. कारण पाश्चर आजारी पडल्याच्या पहिल्या दिवसापासून कामगार नाहीसे झाले होते. एकच मजूर रिकामी ढकलगाडी इकडून तिकडे फिरवताना दिसे. हा माणूस काही वाचत नाही, मग त्याच्यासाठी इमारतीचा खर्च कशाला, असा हिशेब कुणा अधिकाऱ्याने केला होता.

हे फार दिवस लपून राहिले नाही. सम्राटाचे एक सेनाधिकारी भेटीला आले, तेव्हा पाश्चर यांनी मनातली कडवट भावना बोलून दाखवली. माझ्या मरणाची वाट बघून काम थांबवले आहे, हे सरळ सांगितले असते तरी चालले असते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ही गोष्ट सम्राटाच्या कानावर गेली. त्याने शिक्षणमंत्र्यांना पत्र लिहिले आणि काम पुन्हा सुरू झाले.

तीस वर्षे अर्धांगवायूचे रुग्ण पाहिल्यावर मला या चरित्रातील हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आजाराने हातपाय जातात. पण आजूबाजूच्या माणसांनी रुग्णाचा हिशेब मिटवून टाकला की त्याच्या बरे होण्याची उमेदच जाते. आणि हे रुग्णाला कळते. बोलता न येणाऱ्या रुग्णालाही कळते.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक शिंपी दाखल झाले होते. पन्नाशीचे गृहस्थ, उजवी बाजू गेलेली, बोलणे बंद. त्यांच्या खाटेशेजारी उभा राहूनच मी मुलाला सांगितले, आता यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. आठवड्याने मुलाने शिलाई मशीन विकले. घरात पैशांची गरज होती, त्याला दोष कसा देणार? पण मशीन विकल्याचे मुलगा आईला सांगत होता, तेव्हा त्या शिंप्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. त्यानंतर त्यांनी फिजिओथेरपिस्टला प्रतिसाद देणे थांबवले. मशीन मुलाने विकले असले, तरी त्या घरातले बांधकाम मी थांबवले होते. एवढ्या लवकर, रुग्णाला ऐकू जाईल असे, ते वाक्य मी बोलायला नको होते. पहिल्या आठवड्यात पुढचे सगळे भविष्य सांगता येत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होते. तरी मी बोललो.

आठवड्याभरात पहिला निबंध

पाश्चर यांच्या घरातील माणसे मात्र वेगळी वागली. विद्यार्थी आणि सहकारी आळीपाळीने रात्री जागत. झटक्याला जेमतेम आठवडा झाला असताना, एका रात्री पाश्चर यांनी जेर्नेझ या शिष्याला रेशीम किड्यांच्या रोगावरील एक टिपण सांगून लिहून घ्यायला लावले. रोगाची शक्यता असलेली अंडी आधीच कशी ओळखावीत, याची त्यात युक्ती होती. द्युमा यांनी ते टिपण अकादमीच्या पुढच्याच सभेत वाचले.

सुमारे सहा आठवड्यांनी पाश्चर प्रथम खुर्चीत बसले. आणि जानेवारी १८६९ मध्ये, झटका येऊन तीन महिनेच झाले असताना, ते रेल्वेने पुन्हा दक्षिणेला निघाले. सोबत पत्नी, मुलगी आणि शिष्य होते. चालणे अवघड, डावा हात निकामी. रेशीम किडे शिष्य वाढवीत, सूक्ष्मदर्शकाखालचे कामही बरेचसे तेच करीत आणि पाश्चर खुर्चीत बसून सूचना देत, नोंदी तपासत. १८६९-७० चा हिवाळा आणि पुढचा हंगाम त्यांनी त्रिएस्तेजवळ विला विचेंतिना या ठिकाणी काढला. रेशीम किड्यांच्या रोगावरील ग्रंथ ते तिथे पत्नीला सांगत आणि मारी लिहून घेत. १८७० मध्ये त्याचे दोन खंड प्रसिद्ध झाले.

पाश्चर यांची पद्धत अशी होती. मादी पतंगाने अंडी घातली की ती मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. तिच्यात रोगाचे कण दिसले तर तिची अंडी नष्ट करायची, नाहीतर ठेवायची. आजही भारतातील अंडीपुंज निर्मिती केंद्रांत मादी पतंगाची अशीच तपासणी केली जाते. मराठवाड्यात तुती लावून रेशीम शेती करणाऱ्या शेतकऱ्याला रोगमुक्त अंडीपुंज मिळतात, त्यामागे हे काम आहे. आणि ते पूर्ण करणारा माणूस तेव्हा अर्ध्या अंगाने अधू होता.

मेंदू सावरतो कसा

मेंदूतील जो भाग रक्ताअभावी मरतो, तो पुन्हा जिवंत होत नाही. मग सुधारणा कशी होते? सुरुवातीच्या दिवसांत मृत भागाभोवतीची सूज ओसरते आणि तिथल्या बंद पडलेल्या पेशी पुन्हा काम करू लागतात. त्यानंतर शेजारचे भाग आणि काही वेळा मेंदूची दुसरी बाजूही गेलेल्या कामाचा थोडा भार उचलते. गावातला मुख्य रस्ता खचला की लोक आडवाटेने जाऊ लागतात आणि वर्दळ वाढली की त्या वाटेचाच रस्ता होतो, तसे हे आहे. पण वर्दळ हवी. मेंदूतली वर्दळ म्हणजे सराव, तोही नेमक्या कामाचा. नुसते तेल चोळून ही वाट पडत नाही. कबुतराच्या रक्ताने तर नाहीच. पेला उचलायचा असेल तर पेलाच उचलण्याचा सराव शेकडो वेळा करावा लागतो. बटण लावायचे असेल तर बटण.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. नंतर तो मंदावतो, पण थांबत नाही. वर्षानंतरही चालण्यात, बोलण्यात, हाताच्या वापरात थोडी थोडी भर पडताना आम्ही पाहतो. म्हणून तीन महिन्यांनी फिजिओथेरपी बंद करणे चूक आहे. पण पहिल्याच दिवशी रुग्णाला ओढून चालवण्याची घाईही नको. कधी बसवायचे, कधी उभे करायचे, हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतील. गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाणीसुद्धा पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. आणि लुळा हात धरून रुग्णाला कधीही उचलू नये. त्याने खांदा निखळतो आणि पुढे महिनोन् महिने दुखत राहतो.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या नजरेतून निसटते. अर्धांगवायूच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. रडू येणे, जेवण नको वाटणे, व्यायामाचा कंटाळा, रात्रभर जागणे ही त्याची लक्षणे आहेत. त्याला आळस किंवा हट्ट म्हणू नये. त्यावर औषध आहे आणि ते घेतल्यावर व्यायामही सुधारतो.

पुढची २७ वर्षे

पाश्चर पूर्ण बरे झाले नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवे. डावा पाय ते आयुष्यभर ओढत चालत आणि डाव्या हाताची बोटे आखडलेलीच राहिली. १८७० मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा त्यांना सैन्यात नाव नोंदवायचे होते, पण अर्धांगवायू झालेल्याला कोण घेणार? ज्या प्रयोगांना दोन हात लागत ते एमिल रू, शांबरलां यांसारखे सहकारी करीत. पाश्चर प्रयोग आखत, निरीक्षण करीत, चुका शोधत. जे गेले ते इतरांकडून करून घ्यायचे आणि जे उरले ते पूर्ण वापरायचे, अशी ही व्यवस्था होती. पुनर्वसन म्हणतात ते हेच.

आता तारखा पाहा. कोंबड्यांच्या कॉलऱ्यावरील लस १८८० ची. पुयी-ल-फोर या गावी २४ मेंढ्यांना अँथ्रॅक्सची लस टोचून, लस न टोचलेल्या तेवढ्याच मेंढ्यांशी तुलना करून दाखवली, तो जाहीर प्रयोग १८८१ चा. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या योसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली, तो दिवस ६ जुलै १८८५. पाश्चर स्वतः वैद्यकीय डॉक्टर नव्हते, म्हणून इंजेक्शने डॉ. ग्रांशे यांनी दिली. एकूण १३ टोचण्या झाल्या आणि मुलगा वाचला. लसींचे हे सगळे काम अर्धांगवायूनंतरचे आहे. बागेतले बांधकाम कायमचे थांबवले असते, तर केवढा तोटा झाला असता?

१८८७ मध्ये त्यांना पुन्हा झटका आला आणि यावेळी बोलण्यावरही परिणाम झाला. १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटचे उद्घाटन झाले, तेव्हा त्यांचे भाषण मुलाने वाचून दाखवले. या इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले वाल्डेमार हाफकिन पुढे भारतात आले. मुंबईत प्लेगची साथ असताना त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले. वय ७२ होते. पहिल्या झटक्यानंतर ते २७ वर्षे जगले होते.

आपल्या घरात

हे वाचून कुणी म्हणेल, पाश्चर यांच्यासाठी सम्राटाने पत्र लिहिले, आमच्यासाठी कोण लिहिणार? ते खरे आहे. त्यांची भाषा वाचली होती, हाताशी शिष्य होते, घरी शिकलेली पत्नी होती. प्रत्येक रुग्णाची इजा वेगळी, म्हणून प्रत्येकाची सुधारणाही वेगळी. रुग्णाने मनावर घेतले नाही म्हणून तो बरा झाला नाही, असे बोलणे क्रूर आहे आणि अशास्त्रीयही. इजा मोठी असेल तर कितीही मन घातले तरी मर्यादा राहतात.

पण पाश्चर यांना मिळालेल्या काही गोष्टींना पैसे लागत नाहीत. खाटेवरून उठवून खिडकीशी खुर्चीत बसवणे, घरातले निर्णय घेताना त्यांना विचारणे, त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तिऱ्हाइतासारखे न बोलणे, हे कुठल्याही घरात जमेल. वाणी गेली असेल तर हो-नाही मानेने सांगता येईल असे प्रश्न विचारावेत आणि उत्तराला वेळ द्यावा. जे काम ते आधी करीत त्यातला छोटासा तुकडा त्यांच्याकडे परत द्यावा. शेतकऱ्याला बियाणे निवडायला द्यावे, दुकानदाराला वही तपासायला, आजीला लसूण सोलायला. त्याबरोबर रक्तदाबाची गोळी रोज, न चुकता. मधुमेह असेल तर त्याचे औषधही. तंबाखू आणि विडी बंद. बरे वाटले म्हणून गोळ्या बंद केलेले रुग्ण दुसरा झटका घेऊन परत येतात, हे आम्ही वॉर्डात नेहमी पाहतो.

ते शिंपी पुन्हा माझ्याकडे आले नाहीत. पण त्यांच्यामुळे माझी एक सवय बदलली. अर्धांगवायूचा रुग्ण दाखल झाला की केसपेपरवर वय आणि रक्तदाबासोबत मी आणखी एक ओळ लिहितो. हा माणूस आजारी पडण्यापूर्वी काय काम करीत होता? मग नातेवाइकांना सांगतो, ते सामान घरातून हलवू नका.